दोन बोटं

धामणवाडी खुर्दचं देऊळ लांबून दिसत नाही.
येरळेच्या काठावर बाभळी, एक उंचवटा,
त्यावर वाळत टाकलेलं हिरवं लुगडं.
जोत्याचे तीन थर मातीनं गिळलेत;
चढून नाही, उतरून जायचं आत,
विहिरीत जातात तसं.

उंबऱ्यावरचं कीर्तिमुख इतकं झिजलंय
की ते गिळतंय का जांभई देतंय, कळत नाही.
भिंतींत चुन्याचा थेंब नाही.
खाच आणि कुसू, दगडावर दगडाचं वजन,
सांध्यात माझं पोस्टकार्डही शिरलं नाही.
हेमाडपंती, म्हणतात सगळे.
घडवणाऱ्याचं नाव विचारलं
तर पारावरचे लोक एकमेकांकडे बघतात.

दान देणाऱ्याचं होतं, बाहेर, गधेगळीवर:
वर चंद्रसूर्य, खाली गाढव,
मधे कोरलेल्या ओळी.
"शके अकराशे" एवढं बोटाला लागतं.
पुढचं सगळं नाव
धुण्याच्या फेसाबरोबर ओढ्यात गेलं.

मापं घ्यायला आलो होतो.
टेपचं दुसरं टोक गुरवांच्या मोहिनीनं धरलं, सहावीतली.
रंगशिळा आठ बाय आठ, कोपऱ्यांवर चार खांब.
तीन खांब: सात फूट एक इंच.
चौथा भरेना.
पुन्हा धरला. पुन्हा तेच.
दोन बोटं कमी.

मग आडवा झालो, बॅटरी लावली.
तळखड्याखाली एक पाचर, काळ्या दगडाची,
घाईनं फोडलेली, एक कड अजून धारदार.
मुकादम येतोय असं कुणीतरी ओरडलं असेल.
किंवा खाणीतला तो शेवटचा धोंडा असेल.
किंवा पोरगा आजारी, हात चुकला.
आठशे वर्षं छतावरचं कमळ,
वटवाघळं, वरच्या पिंपळाची मुळं,
सगळं तिच्यावर टेकलंय.

वहीत मी चारही खांब सारखे काढले होते आधीच,
पट्टीनं, सवयीनं.

दिवेलागणीला तानूबाई तेलाची बुधली घेऊन उतरल्या.
पिंडीकडे गेल्या नाहीत.
चौथ्या खांबाशी वाकून
पायाला बोटभर तेल लावलं, कुंकवाचा ठिपका.
मी बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या,
"लंगडा हाय त्यो. त्येला आदी.
माझी सासू लावायची, म्हून मी."
मग देवाकडे वळल्या.

मोहिनी टेप गुंडाळत होती, पार वाकडी.
मी खोडरबर शोधत होतो.