लाइनमन

ऑगस्ट संपता संपता येतो तो खेळ,
खोक्यावर एक आकडा वाढवून.
सदरच्या दुकानातला हबीब म्हणतो,
"अख्ख्या नागपुरात याचं गिऱ्हाईक तू एकटा.
क्रिकेटचा देऊ का?"
मी नको म्हणतो. साडेचार हजार मोजतो.
पिशवी स्कूटरच्या डिकीत, मेथीच्या जुडीखाली.

चांगलं आधी सांगतो.
बर्फ पडतो तेव्हा खरंच पडतो,
खेळाडूंच्या तोंडातून वाफ निघते
आणि मानेवाडा रोडवरच्या आमच्या खोलीत
पंख्याखाली बसून मला हुडहुडी भरते.
चेंडू स्वतःभोवती फिरत जातो, लांब,
सुईत दोरा ओवावा तसा दोघांच्या हातांमधून.
पांढऱ्या पँटवर गवताचा डाग पडतो
आणि शेवटच्या सत्रापर्यंत तिथेच असतो.
कुणीतरी रात्र जागून विचार केलाय त्या डागाचा.

आता बाकीचं.
प्रेक्षकांत नऊच चेहरे आहेत. मोजलेत.
हिरव्या टोपीवाली बाई एकाच रांगेत चारदा उठते.
पंच खेळाडूच्या पोटातून चालत जातो.
समालोचक सहा वर्षं तोच विनोद सांगतोय
आणि त्याचा जोडीदार सहा वर्षं पहिल्यांदाच हसतोय.
आत शिरावं तर दाराशी दुकान:
नाणी घ्या, पत्ते घ्या,
दिलेत त्याहून थोडे अजून द्या.

बाबांना यातलं काहीच दिसलं नाही.
वीज मंडळात चौतीस वर्षं काढलेला माणूस,
पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून म्हणाला,
"फुटबॉल म्हनते अन् हातानं खेळते. बरं.
हे पाच जन कोन? वाकून बसलेले?"
लाइनमन, म्हटलं.
"आं?"
लाइनमन, बाबा. यांनी चेंडूला हात लावायचा नाही.
मागच्याला काही होऊ द्यायचं नाही, एवढंच.
बाबा बराच वेळ बोलले नाहीत.
मग चष्मा पुसला.

तेव्हापासून ते चेंडूकडे बघतच नाहीत.

खेळाची खरी खोट त्यांनीच काढली.
"हा पाह्य, बहात्तर नंबर.
बाजूनं मानूस गेला अन् हा उभाच.
अन् पाय पाह्य त्याचे. टेकतच नाही,
तरंगून रायला.
मी असा उभा राह्यलो असतो ना पोलवर,
तुह्या मायनं कवाच कुकू पुसलं असतं."

मी बहात्तरला त्यांचं नाव दिलं. डी. निमजे.
चेहऱ्यांच्या यादीत तसं नाक नव्हतं,
जवळचं एक लावलं. ताकद नव्व्याण्णव.
समालोचकाच्या तोंडात निमजे बसत नाही,
तो नुसता नंबर घेतो,
तोही दंड झाला तरच.
"बरोबर हाय," बाबा म्हणाले,
"आमचं नावबी फॉल्ट झाल्यावरच निघे."

जुन्यातलं नव्यात काही येत नाही.
दर ऑगस्टला त्यांना पुन्हा घडवतो, नाकापासून.
दरवर्षी ते बावीस वर्षांचे,
दरवर्षी खुर्ची पडद्याच्या वीतभर जवळ.

यंदा खोक्यावर लिहिलंय, लाइन नव्याने बांधली.
आणि खरंच, तिसऱ्या सत्रात
पाचही जण खांद्याला खांदा देऊन थांबले.
समोरचे आदळत राहिले. कुणी हललं नाही.
मी चेंडू घेऊन मागे उभा.
इतका वेळ या खेळात मला कधीच मिळाला नव्हता,
त्याचं काय करावं सुचेना,
आणि वीज गेली.
डाव जपून ठेवलेला नव्हता.

मी चार शिव्या दिल्या,
दोन कंपनीला, दोन मंडळाला.
बाबा तोवर गॅलरीत पोचले होते.
खाली, कोपऱ्यातल्या खांबाला शिडी लावून
एक पोरगा पावसात चढत होता,
टॉर्च दातांत धरून.

बाबा, भिजाल. आत या.
"थांब ना बे," ते म्हणाले, कठड्याला धरून.
"पाय पाह्य त्याचे."