चौथा टाका

मिलानला, पडद्यामागे, एका बाईंनी विचारलं,
"प्रेरणा कुठली? ड्रॅगन? रेशीममार्ग? आजीचा किमोनो?"
मी म्हटलं, आमच्याकडे किमोनो नसतो.
त्यांनी मान डोलावली
आणि वहीत किमोनोच लिहिला.

प्रेरणा प्रातोची आहे, बाई.
आगगाडीने अडीच तास.
विया पिस्तोयेसेच्या मागचं गोदाम,
खिडक्यांवर काळं प्लास्टिक,
आणि सकाळ झाली हे
इस्त्रीची वाफ थांबली की कळायचं.

आई तिथे लेबलं लावायची.
फक्त लेबलं. बावीस वर्षं.
'इटलीत बनवलेले': चार टाके, दोरा तोड, पुढचा.
अक्षरं वाचता येत नव्हती तिला,
पण एखादं उलटं लागलं की बोटाला समजायचं.

मी ताग्यांवर पालथी पडून गृहपाठ करायचे.
शाळेत मला जिनेव्रा म्हणायचे;
यूनचिन म्हणताना मास्तरीणबाईंच्या जिभेला गाठ बसायची.
जन्म इथला, भाषा इथली,
दुधाचे दात याच गावच्या नळाखाली धुतलेले,
तरी दर वर्षी कुणीतरी कौतुकाने विचारतं,
"इटालियन कुठे शिकलात?"

नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या नावांसाठी कोट कापले.
यंदा अकरा कोट माझे.
काळे, त्या प्लास्टिकसारखे चमकणारे,
शिवणी सगळ्या बाहेर,
आत लपवायला काहीच ठेवलं नाही.
कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव 'युंकिन' छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात: 'पूर्वेची नाजूक कुजबुज.'
एकेका कोटाचं वजन पावणेचार किलो आहे.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात;
यांना सूतसुद्धा लागलं नाही.

पण मी आदल्या रात्रीचं सांगत होते.
टाळ्या संपल्यावर आई आत आली,
निळा स्वेटर, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी डबा.
कोटाच्या पुढच्या बाजूकडे तिने पाहिलंच नाही.
सवयीने कॉलर उलटी केली,
लेबलावरून अंगठा फिरवला.

त्यावर माझं नाव होतं, आमच्या अक्षरांत.
ही अक्षरं तिला वाचता येतात.

बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "डावा कोपरा सैल आहे,"
आणि स्वेटरला टोचलेली सुई काढली.

बाहेर फोटोवाले खोळंबले होते,
कुणीतरी दोनदा दार वाजवलं.
"थांबू देत," ती दोरा ओला करत म्हणाली,
"चौथा राहिलाय."