रात्रीचं रीडिंग

रात्री दोन वाजता
इमारत पाणी पीत नाही,
निदान प्यायला नको.
म्हणून हाफेनी याच वेळी मीटरचं झाकण उचलतो,
टॉर्च दातांत धरून गुडघ्यावर बसतो.
विंडहुकची जुलैमधली थंडी;
लोखंड बोटांना चावतं.

आकडे झोपलेत.
पण काचेखालचं ते लाल चाक,
तिळाएवढं,
फिरतंय.
म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

तीन मजले, एकेचाळीस संडास.
प्रत्येक टाकीत निळ्या रंगाची चिमूट
आणि थांबणं,
नाडी मोजणाऱ्या नर्ससारखं घड्याळाकडे बघत.
प्रसूती वॉर्ड: निळं नाही.
हाडांचा विभाग: निळं नाही.
एक बाळ रडतं. ते त्याच्या यादीत नाही.

तळघरात धुलाईखाना.
चादरी शेवटच्या खळबळल्या, ते पाणी इथं फेकत नाहीत,
उद्याच्या पहिल्या धुण्याला ठेवतात.
दुष्काळात लागलेली सवय,
पाऊस येऊन गेला तरी सुटली नाही.
त्या टाकीशी मेनेसिया उभी,
हातात तेलाचा कॅन, पाच लिटरचा,
लेबल कधीच निघून गेलेलं.

"वस्तीतल्या नळाचं कार्ड संपलंय.
पगार शुक्रवारी.
फरशीपुरतं नेते."
ती कॅन उपडा करायला वाकते.
"राहू दे," हाफेनी म्हणतो,
"या टाकीला मीटर नाही."

मग वर, शेवटचं दार.
अधीक्षकांचं खाजगी स्वच्छतागृह. किल्ली एकच, त्यांच्या खिशात.
तो दाराला कान लावतो.
आत बारीक, न थांबणारी कुजबुज,
सभेत मागच्या रांगेत चालते तशी.
शेजारी भिंतीवर फलक:
अधीक्षकांचा हसरा फोटो, ओंजळ,
आणि 'प्रत्येक थेंब मोलाचा'.

तो मीटरपाशी परततो, अर्धा तास मोजतो.
वीस लिटर.
तासाला चाळीस.
महिन्याचा गुणाकार तो दोनदा करतो,
पहिल्यांदा स्वतःवरच विश्वास बसत नाही:
अठ्ठावीस हजार आठशे.
मेनेसियाचे किती कॅन,
तो भागाकार करत नाही.

वहीत लिहितो:
गळती, एक.
ठिकाण, कुलूपबंद.
धुलाईखाना, सर्व ठीक.

आठ वाजता साहेब येतील.
किल्ली मागायची आहे.
थर्मासमधला चहा निवत चाललाय,
आणि ते एक वाक्य
हाफेनी तोंडात घोळवत बसलाय
चूळ भरल्यासारखं.
गिळायचं नाही,
एवढंच ठरलंय.