येलदरीची फेरी

टाकी आडवी ठेव.
तोंड मागच्या दाराकडं, आपल्याकडं नको.
वाकळ गुंडाळ, दोर आवळ,
जिंतूरच्या पुढचा रस्ता तुला ठाऊकच आहे.

काच थोडी उघडी असू दे, म्हणाला इलियास,
अन् उन्हात गाडी लावून चहाला बसायचं नाही.
दोनशे बार हवा आहे आत,
परभणीचीच, धूळ गाळून भरलेली.

धरणावर कुणी बोललं नाही.
एका बाईनं टाकीला पालथा हात लावून पाहिला,
लेकराचा ताप पाहावा तसा.

संध्याकाळी उचलल्या तर जरा हलक्या.
"पार रिकामी करू नये," तो म्हणाला,
"थोडी हवा ठेवावी, नाहीतर पाणी शिरतं आत."

वाकळ तिथंच लागली.
टाक्या जिंतूरपर्यंत
एकमेकींवर वाजत राहिल्या.