मधले दोन ठिपके

आठवी ब. सोहार. एसीची घरघर,
फळ्यावर विजेच्या बिलांचा आलेख.
म्हटलं, याच्याबद्दल चार वाक्यं लिहा.
जितिनने पेन्सिल चावली.
सहस्रा म्हणाली, "मिस, हा तर गणिताचा तास."

एकवीस वह्या आल्या.
एकवीस वेळा आलेख वर गेला, मग खाली आला,
लिफ्टने गेल्यासारखा.
कितव्या मजल्यावर, कुणाकडे,
कुणी विचारलं नाही.

मी समासात लाल पेनने लिहीत राहिले:
कुणाचं घर? माणसं किती?
आणि हा "साधारणपणे" कुठून आणलास,
जिथून आणलास तिथे ठेवून ये.

मग सांगितलं, आपापल्या घरची बिलं आणा.
(मुख्याध्यापकांना हे कळवलं नव्हतं.)

झैद हुर्झुकच्या कागदावर एप्रिल होता, मे होता,
मग एकदम ऑगस्ट.
मेपासून ऑगस्टपर्यंत त्याने पट्टी लावून
किंचित चढती रेघ ओढलेली.
इतकी नेटकी रेघ त्याच्या वहीत मी आधी पाहिली नव्हती.

"ही काय म्हणते?"
"वापर हळूहळू वाढला."
"वाढला?"
तो खिडकीकडे बघत राहिला.
बाहेर काहीच नव्हतं, पांढरं ऊन,
आणि टायरच्या सावलीपुरतं आखडून बसलेलं मांजर.

दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर.
"जून-जुलै आम्ही दाभोळला होतो,
मी, अम्मी, दोघी बहिणी.
अब्बा इथेच. स्मेल्टरमध्ये शिफ्ट.
ते म्हणतात, एकट्यासाठी कसला एसी,
मी तर गच्चीवर झोपायचो.
म्हणजे वापर हळूहळू वाढला नाही.
आम्ही विमानात बसलो त्या रात्री तो धाडकन पडला असणार.
माझी रेघ खोटी आहे. खोडली नाही, तुटक केली.
पण अब्बा आम्हाला बरं वाटावं म्हणूनही बोलतात,
त्यामुळे हेही नक्की नाही."

पाचपैकी पाच दिले.
मग वही पुन्हा उघडली, नुसतीच, वाचायला.

रविवारी तो मधल्या सुट्टीत आला.
अब्बांच्या फोनवर जुलैचं बिल सापडलं होतं.
"मिस, खरा आकडा मिळाला तर वाक्य बदलायचं?"
"बदलायचं."

त्याने उभ्या उभ्याच ठिपका काढला.
मेच्या वर. ऑगस्टच्याही वर.
चौकोन संपले म्हणून समासात गेलेला.

खाली लिहिलं,
"अब्बा एकटे होते, असं मी लिहिलं होतं.
आता एवढंच लिहितो, की मी तिथे नव्हतो."

"कारण?" असं विचारायची सवय माझ्या लाल पेनाला.
टोपण उघडलेलं होतं.
घंटा झाली, डबे बंद होऊ लागले,
मी तारीख घातली
आणि वही त्याला परत दिली.