मधली जागा

एम्रिसने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या,
ग्रीसने काळवंडलेल्या बोटांनी, एकेक सरकवत:
गोळा, पिन, आकडा.
बाहेर वेल्सचा फेब्रुवारी. दरीत धुकं असं साचलेलं
की चॅपलचं छप्पर तेवढं वर राहिलं होतं.

कुठला हवा, असं त्याने विचारलंच नाही.
विचारलं, ओढायचं काय?
म्हटलं, गवताचे गठ्ठे. कधी मेंढ्या. कधी भिंतीचा दगड.
भरून किती?
पाच टन. दगड असला तर...
पुढचं मी बोलले नाही.

त्याने गोळा उचलला, फडक्याने पुसला, फळीवर परत ठेवला.
"हा साडेतीनपर्यंत. डांबरावर गुणी पोर,
आवाज नाही, हिसका नाही.
पण तुझ्या नदीकडच्या उतारावर
ट्रॅक्टर एकीकडे कलला, ट्रेलर दुसरीकडे,
की हा न बोलता सुटेल.
कुरकुरणारं बरं गं. निदान कळतं."

आणि म्हणाला, जोड खाली ठेव. आसाच्या खाली.
कितीही अडलं तरी वर बांधायचं नाही.
हे तो मला का सांगतो, ते दोघांनाही माहीत.
माझ्या भावाने, तुदिरने, ओकचा बुंधा उपटायला
साखळी वर अडकवली होती, सीटच्या मागे.
बुंधा हलला नाही.
ट्रॅक्टरच उठला, मागच्या चाकांवर, घोड्यासारखा,
आणि पुढच्या काचेत आधी कुंपण, मग डोंगर,
मग नुसतं आभाळ.
क्लचवर पाय पडला, म्हणून वाचला.
आता लॅम्पेटरला बस चालवतो.
वाटेत कुणाचाही ट्रॅक्टर दिसला
की आधी जोड बघतो, मग माणसाला हात करतो.

उरली पिन आणि उरला आकडा.
पिन माझ्या ओळखीची. वीतभर लांब,
वजन तळहाताला पाठ.
अकरा वर्षं हीच तर घालतेय:
कडी भोकावर आली की खट्,
मग क्लिप, मग अंगठा झटकायचा.

"पिन घालतं कोण?"
मी.
"आणि ट्रॅक्टरवर?"
गेथिन. मे महिन्यात सतरा पूर्ण होतील.
"म्हणजे तो मागे मागे येतो,
आणि तू मध्ये उभी."

चांगला चालवतो तो, मी म्हटलं.
एम्रिसने मान हलवली. चांगलाच चालवतो, म्हणाला,
आणि पिन खणात टाकून खण लोटला.

किंमत ऐकून मी खिडकीबाहेर पाहिलं.
धुकं तिथेच होतं.

शनिवारी आकडा बसवला. गेथिन सीटवरून मागे वळलेला,
लिव्हर खाली, आकडा खाली, इंच इंच मागे,
कडीच्या पोटात शिरला, उचलला गेला, कडक्.
खाली उतरलाही नाही.
मी कुंपणापाशी, जिथे उभी राहा म्हणाला तिथे,
हातमोजे घातलेले, हातांना काम नाही.
ट्रॅक्टर आणि ट्रेलर यांच्यामधली
ती दीड हात जागा,
जिथे पावसात वाकून मी त्याला "अजून, अजून, बस" म्हणत आले,
तिथे आता ग्रीसचा एक ठिपका.
माझं तिथे काही राहिलंय असं उगाच वाटलं.

साखळी मात्र मीच लावली.
इंजिन बंद करून किल्ली खिशात घातली, मगच.

आता तो उताराला लागलाय, सहा गठ्ठे घेऊन.
नवा आकडाही वाजतो, चांगलाच:
कडी सैल, खड्ड्यात खडखड, चढाला ताणून गप्प,
पुन्हा खडखड.
मी स्वयंपाकघरात बटाटे सोलते आणि त्या आवाजावरून
तो कुठे पोचला ते ओळखते.
ओढा. वळण. तुटकी भिंत.

थांबला.

फाटक असेल. उतरला असेल, कडी काढत असेल,
त्या फाटकाची कडी गंजलीय, वेळ लागतोच.
सुरी हातात तशीच.

खडखड.