चौथरा काढल्यावर

हौदातल्या पाण्यात मी दुधाची भुकटी कालवते,
दोन डबे, कधी अडीच.
तळ दिसता कामा नये.
पाणी बावीस अंश. बाहेर टार्टूत उणे एकोणीस,
खिडकीच्या काचेवर आतूनच बर्फाची बुरशी.

पाण्याखाली बोटभर खोल एक चौथरा आहे.
उंदराला तो दिसत नाही.
पहिल्या दिवशी तो कडेकडेने पोहतो, भिंत चाचपत,
मग चुकून पायाला काहीतरी टणक लागतं.
पाचव्या दिवशी सरळ जातो.
एवढंच. याला आम्ही आठवण म्हणतो
आणि सेकंदांत लिहितो.

अर्ध्या पिंजऱ्यांना कोलेस्टेरॉलची गोळी, कुटून, खाण्यात.
अर्ध्यांना नुसतं पीठ.
कुणाला काय, मला ठाऊक नाही. ती यादी
डॉक्टर कांगुरांच्या कपाटात, चिकटपट्टी लावलेल्या पाकिटात.
तीच गोळी मीही घेते रात्री जेवणानंतर,
गुलाबी, वीस मिलिग्रॅमची.
माझी यादी कुणाच्या कपाटात आहे कोण जाणे.

शेवटच्या दिवशी चौथरा काढून घ्यायचा असतो.
उंदराला सांगायचं नसतं.
पाण्यात सोडायचा आणि घड्याळ दाबायचं. साठ सेकंद.
सतरा नंबर, डाव्या कानाला खाच असलेला,
नेमका तिथे गेला. वळला. पुन्हा तिथेच.
जिथे काही नव्हतं त्याच्याभोवती
एकतीस सेकंद घिरट्या.
"वा, हेल्वे," कांगुर म्हणाले, "याला म्हणतात स्मरण!"
मी लिहिलं : एकतीस.
टॉवेलात त्याला पुसताना
त्याचं काळीज माझ्या तळव्यावर वाजत होतं,
जसं कुणी बंद दारावर.

सोमवारी पाकीट उघडेल. तोवर सतरा नंबर नसेल.
काचपट्टीवर त्याच्या मेंदूचे काप असतील,
कांद्याच्या पापुद्र्याएवढे पातळ,
आणि कुणीतरी दुर्बिणीला डोळा लावून
त्यांत तो चौथरा शोधत असेल.

संध्याकाळी कोपऱ्यावर आमच्या जिन्यातले वाल्डुर,
कानटोपी उलटी, हातात जुन्या नाण्यांची चळत.
तिथला बसथांबा तीन वर्षांमागे उचलून पलीकडे नेला.
आता नुसता खांबाचा खड्डा, बर्फाने भरलेला.
ते चार पावलं जातात, वळतात, पुन्हा तिथेच.
त्यांच्या लेकीने मला इस्पितळाचा कागद दाखवला होता :
'स्मृतिभ्रंश, मध्यम.'

"आज उशीर झाला सहा नंबरला," ते म्हणाले.
"झाला खरा."
मी हातमोजा काढून त्यांची टोपी सरळ केली.
मग सवयीने मनगटाकडे पाहिलं.

सहा नंबर आली, पलीकडे थांबली,
दोघं उतरले, एक बाई चढली, गेली.
वाल्डुरांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
एकतीस सेकंद केव्हाच होऊन गेले होते.
आम्ही तिथेच.